ड्रेस्डेनमधला औरंगजेब

लाइपझिगला ऑनसाइट येऊन तीन महिने झाले आणि लक्षात आलं, की आपण ऑफिस, सुपरमार्केट आणि गेस्ट हाउस हा त्रिकोण सोडून काहीच बघितलेलं नाही. रविवारी इथे दुकानंसुद्धा बंद. म्हणून मागच्या शनिवारी सकाळची ट्रेन पकडली आणि ड्रेस्डेन गाठलं. टीममधला एक जर्मन सहकारी सोबत होता. तो मूळचा इथलाच, म्हणजे झाक्सनचा. आपण इंग्रजीच्या नादाने सॅक्सनी म्हणतो ते.

ड्रेस्डेनबद्दल सगळे जे लिहितात ते पटकन उरकतो. फेब्रुवारी 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात शहराचा मधला भाग भस्मसात झाला. फ्राउएनकिर्शं हे घुमटाचं चर्च त्यातच कोसळलं. कम्युनिस्ट राजवटीत तो ढिगारा तसाच ठेवला होता, मग 1994 ते 2005 या काळात ते पुन्हा उभं केलं. भिंतींमध्ये मधूनमधून काळे दगड दिसतात ना, ते जुने, ढिगाऱ्यातून निवडून परत बसवलेले. पुढे गेलं की 102 मीटर लांबीचं, चिनी मातीच्या फरशांवर रंगवलेलं राजांच्या मिरवणुकीचं चित्र आहे, ते मात्र बॉम्बहल्ल्यातूनही वाचलं. त्स्विंगर बघा, एल्बं नदीच्या काठी बसून आईस्क्रीम खा. सगळं छानच आहे.

पण मला सांगायचंय ते राजवाड्यातल्या एका टेबलाएवढ्या वस्तूबद्दल.

या राजवाड्यात ग्र्युनंस ग्योवोल्बं, म्हणजे 'हिरवा तळघाट' म्हणावा असा खजिना आहे. ऑगस्ट द स्ट्राँग नावाच्या राजाने तो 1723 पासून संग्रहालयासारखा मांडायला घेतला. 2019 मध्ये इथे मोठी चोरी झाली होती, पेपरात वाचलं असेल. ती झाली जुन्या दालनांत. मी म्हणतोय ती वस्तू वरच्या मजल्यावरच्या नव्या विभागात आहे. आत शिरलो, ऑडिओ गाइड कानाला लावला आणि त्यात एकदम नाव आलं: औरंगजेब!

म्हणजे बघा, पुण्यात वाढलेला मुलगा, शाळेत चौथीचं इतिहासाचं पुस्तक पाठ केलेला, ड्रेस्डेनमध्ये काचेच्या पेटीसमोर उभा आहे आणि आत सोन्याचा औरंगजेब सिंहासनावर बसलाय.

वस्तूचं नाव आहे 'मोगल बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवशीचा दिल्ली दरबार'. रुंदी 142 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या ऑफिसच्या डेस्कएवढी. योहान मेल्खिओर डिंगलिंगर या दरबारी सोनाराने आपल्या दोन भावांना आणि कारागिरांना हाताशी धरून 1701 ते 1708 अशी सात वर्षं खपून ती केली. सोनं, चांदी, मिन्याचं रंगकाम आणि जवळपास पाच हजार हिरे. चढत्या चौकांमध्ये 132 चिमुकल्या सुट्या आकृती: सरदार, छत्र्या धरणारे, पालख्या, हत्ती, उंट, घोडे. सगळे भेटी घेऊन वर निघालेत. माणसं बोटाच्या पेराएवढी, पण प्रत्येकाचे कपडे वेगळे. अर्धा तास नुसता बघत राहिलो. कारागिरी म्हणून हात जोडावेत अशी गोष्ट आहे, त्यात वादच नाही.

किंमत 58,485 थालर. जवळच्या मोरित्सबुर्गच्या आख्ख्या राजवाड्याला याहून कमी खर्च आला, असं सांगतात. ऑगस्टने पैसे अर्थातच हप्त्याहप्त्याने दिले. (राजांनाही ईएमआय चुकत नाही!) या ऑगस्टला सगळंच मोठं हवं असायचं. पोलंडचं राजेपद मिळावं म्हणून त्याने धर्म बदलला, 1697 मध्ये राजा झाला, आणि डिंगलिंगर इकडे हत्ती घडवत असताना 1706 मध्ये स्वीडनकडून हरून तो मुकुट सोडून बसला. स्वीडिश फौज थेट झाक्सनमध्येच तळ ठोकून होती. अशा माणसाला दिल्लीचा बादशहा म्हणजे काय वाटत असेल? संसद नाही, कटकट नाही, सगळे वाकून भेटी देतायत. स्वप्नच की!

आता गंमत अशी, की डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आलाच नाही. त्याची माहिती प्रवासवर्णनांतली. बर्निए आणि तावेर्निए या फ्रेंच प्रवाशांची पुस्तकं 1670 च्या दशकात युरोपभर वाचली जात होती. त्यांनी पाहिलेला दरबार त्याहूनही जुना. त्यात डिंगलिंगरने चिनी आणि इजिप्शियन वळणाच्या वस्तूही घुसडल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर कॅश तीस-चाळीस वर्षं क्लिअर केलेली नव्हती.

कारण खरा औरंगजेब तेव्हा दिल्लीत नव्हताच. त्याने 1679 मध्ये दिल्ली सोडली, 1681 च्या अखेरीस तो दख्खनमध्ये उतरला आणि परत कधी उत्तरेला गेला नाही. 1689 मध्ये त्याने संभाजी महाराजांना मारलं, त्याला वाटलं संपलं. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा परत वाटलं संपलं. पण पंचविशीतल्या ताराबाई उभ्या राहिल्या आणि ऐंशी उलटलेला म्हातारा एकेक किल्ला घ्यायला स्वतः सह्याद्रीत शिरला.

गेस्ट हाउसवर परत आल्यावर राहवेना. वाढदिवस म्हणताय ना, मग त्या वर्षांत हा माणूस वाढदिवसाला होता कुठे, ते काढू या म्हटलं. त्याची हिजरी जन्मतिथी 15 जिल्काद. कॅलेंडर कन्व्हर्ट करून पाहिलं. 1702 मध्ये ती एप्रिलच्या मध्यावर येते: बादशहा विशाळगडाला वेढा घालून बसलेला. गड जूनमध्ये मिळाला तोही पैसे मोजून, आणि मग पावसाने गाठलं. विशाळगडाहून पन्हाळ्यापर्यंतच्या तीसेक मैलांना त्या लष्कराला 38 दिवस लागले. ज्यांनी जुलैत तिकडे ट्रेक केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. 1703 मध्ये तिथी येते एप्रिलच्या सुरुवातीला: बादशहा सिंहगडाच्या पायथ्याशी. आपल्या सिंहगडाच्या! थोड्याच दिवसांत तोही पैसे चारून मिळाला. मग पावसाळ्याला मुक्काम पुण्यात. तिथे त्याचा नातू वारला, म्हणून पुण्याचं नाव मुहियाबाद ठेवलं गेलं. पुढच्या वर्षी राजगड आणि तोरणा. आणि 1705 मध्ये मराठ्यांनी सिंहगड परत घेतला.

वाढदिवशी बादशहाची सोन्या-रुप्याने तुला करायची दरबारी प्रथाही त्याने स्वतःच 1670 च्या सुमारास बंद केली होती. म्हणजे ड्रेस्डेनच्या पेटीत जे चाललंय ते सात वर्षांतल्या एकाही वर्षी कुठेच घडत नव्हतं.

तिथे पेटीसमोर यातलं बरंचसं पाठ नव्हतं, पण एक गोष्ट मी केली. त्या 132 आकृत्यांमध्ये ओळखू येईल असा एखादा मराठा सापडतो का ते शोधलं. नाही. ज्यांच्यामुळे हा माणूस दिल्ली विसरला, त्यांचा पत्ताच नाही. थोडा रागच आला. माझा सहकारी विचारत होता, "तुमच्याकडे खरंच असं होतं का रे सगळं?" त्याला म्हटलं, होतं, पण नंतर चिखल होता. मग एल्बंकाठी बसून त्याला तंबू, बैल, वेढे, ताराबाई असं सगळं मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. ताराबाईंचं नाव त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

3 मार्च 1707 रोजी औरंगजेब अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, छावणीत वारला. टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनाला वापरा, असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात. खुलदाबादला साधीशी कबर आहे, शाळेच्या सहलीत पाहिली होती. ड्रेस्डेनमध्ये डिंगलिंगर तेव्हाही काम करत होता. दरबार पूर्ण झाला 1708 मध्ये.