लिलावातली जीप

मराठवाड्यात तीस-चाळीस वर्षांची जीप अजून शेतात जाताना दिसली की श्रेय मिस्तरीच्या डोक्याला दिलं जातं. मिळेल ते सामान घेतलं, ठोकूनठाकून बसवलं आणि गाडी उभी केली, असा समज. मिस्तरीचं डोकं नाकारायचं कारण नाही. पण असेच डोकेबाज मिस्तरी फियाट आणि स्टँडर्ड हेराल्डलाही लाभले होते, आणि त्या गाड्या आता परभणी जिल्ह्यात शोधाव्या लागतील. जीप टिकली याची कारणं गॅरेजबाहेर आहेत. अर्धं शतक जवळपास तसाच राहिलेला आराखडा, शेजारच्या शेडमध्ये दुरुस्तीला येणारा ट्रॅक्टर आणि वापरून झालेली वाहनं लिलावात काढणारं सरकार, ही तिघं एकत्र आली म्हणून गरिबाला जुनी जीप पोसता आली. मिस्तरीची कल्पकता या तिघांच्या आधारानंच चालली.

आराखड्यापासून सुरुवात करू. १९४१ साली अमेरिकन सैन्यासाठी विलीजनं जी जीप बनवायला घेतली, तिचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचं होतं आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच. ती खंदकात, टॉर्चच्या उजेडात, कमी शिकलेल्या हातांनी खोलता यावी इतकी साधी होती. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली, आणि पुढे तिनं सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली. गुलाम मोहम्मद हे काही काळ निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्री होते, आणि परभणी तेव्हा त्याच संस्थानातला जिल्हा. या योगायोगातून परभणीच्या पदरात काही पडलं नाही; गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातलं 'मोहम्मद' जाऊन 'महिंद्र' दोनदा आलं. महत्त्वाचं ते पुढचं. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल साठच्या दशकात बंद झालं. महिंद्रनं त्याच घराण्यातल्या गाड्या कितीतरी वर्षं काढल्या. नाकपट्टी बदलली, लांबी वाढली, १९८५ च्या सुमारास एमएम ५४० आली, पण खालच्या पाट्यांचा, हाऊसिंगचा आणि ट्रान्सफर केसचा वंश तोच राहिला. एका पिढीतल्या गाडीचं सामान पुढच्या पिढीतल्या गाडीला थोड्या खटपटीनं बसतं, तेव्हा प्रत्येक भंगार गाडी म्हणजे एक दुकान होतं.

आता हा जिल्हा. परभणीची जमीन बहुतेक काळी, चिकण, पाणी प्यायली की फुगणारी. मृगाचे दोन पाऊस झाले की पाणंदीत बैलगाडीचं चाक तुंब्यापर्यंत जातं, मोटारीची गोष्टच सोडा. १९०० च्या आसपास गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे मनमाडहून इकडे आली आणि सेलू, मानवत, पूर्णा ही गावं बाजाराला जोडली गेली. पण रुळापासून चार मैल आत गेलं की पावसाळ्याचे चार महिने वाट बंद. अशा मुलखात जीप आधी आली ती सरकारची म्हणून. १९५२ ची सामुदायिक विकास योजना, पाठोपाठ हिवतापाची मोहीम, १९५८ नंतर पूर्णा प्रकल्पाचं काम (येलदरीचं धरण जिंतूर तालुक्यात, सिद्धेश्वर तेव्हाच्या अखंड परभणी जिल्ह्यातच), १९६२ ची जिल्हा परिषद, १९७२ चं कृषी विद्यापीठ, मग जायकवाडीचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा. प्रत्येक खात्याला साहेब, प्रत्येक साहेबाला दौरा आणि प्रत्येक दौऱ्याला जीप. खेड्यातल्या पोरांना मोटार म्हणजे गटविकास अधिकाऱ्याची जीपच माहीत होती. यातल्या गाड्या कागदावर म्हाताऱ्या झाल्या की खातं त्यांचं निर्लेखन करी, आवारातल्या लिंबाखाली त्या दोनेक पावसाळे उभ्या राहत, मग लिलाव होई. लिलावात घेणारा बहुधा कर्ज न मिळणारा माणूस: आडत्याकडे उधारी असलेला शेतकरी, वीटभट्टीवाला, आठवडी बाजाराला जाणारा व्यापारी. नवी जीप त्यानं कधीच घेतली नसती. पण लिलावाची गाडी नामी असे, कारण तिचं इंजिन खलास झालेलं असलं तरी चॅसी शाबूत असे, आणि त्याच खात्याच्या ड्रायव्हरला तिच्या सगळ्या खोडी पाठ असत.

खरी अडचण इंजिनाची होती. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन शेतकऱ्याच्या खिशाला परवडेना. इथे ट्रॅक्टर कामी आला. महिंद्रच्या भागीदारीतून १९६३ मध्ये उभी राहिलेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी बी-२७५ हा ट्रॅक्टर बनवत होती, आणि त्याच धाटणीचं डिझेल इंजिन पुढे महिंद्रनं स्वतःच जीपमध्ये घातलं. अमेरिकेत युद्धानंतर जीप शेतकऱ्याला ट्रॅक्टर म्हणून विकायचा खटाटोप झाला होता. आपल्याकडे ट्रॅक्टरनं जीपला आपलं काळीज दिलं. ट्रॅक्टरचे रिंग-पिस्टन मोंढ्याच्या आसपास मिळत, नोझल-पंप दुरुस्त करणारा तालुक्याला असे आणि बोअर मारणारं लेथही. नव्वदच्या दशकात काळी-पिवळीचा धंदा वाढला तेव्हा कमांडर आणि ट्रॅक्स या प्रवासी गाड्या जिल्हाभर धावू लागल्या, आणि त्या थकल्यावर त्यांचीही इंजिनं भंगारात आली. पण इंजिन बदलणं म्हणजे चार बोल्ट नव्हेत. जुनं पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत पळे. ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल त्याच्या निम्म्याच्या थोडं पुढे दमतं. मागच्या हाऊसिंगमधलं क्राऊन-पिनियन मात्र ५.३८ ला १ या जुन्या हिशेबाचं. त्यामुळे गाडी ओढते बैलासारखी, पण पक्क्या रस्त्यावर सायकलवालाही लाज आणतो. म्हणून क्राऊन-पिनियन बदलायचं. पण मागचं बदललं आणि पुढचं तसंच ठेवलं, तर फोर व्हीलचा दांडा ओढताच पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशेबानं फिरू पाहतात आणि गिअर एकमेकांना खातात. दोन्हीकडचं बदलायला पैसे नसलेला मालक पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून कोपऱ्यात ठेवून देतो. अनेक जुन्या जीपा अशा दोनचाकी ओढीच्या झाल्या. ज्याला त्या शाफ्टची पावसाळ्यात गरज पडे, तो वर्षाच्या तुरीचे पैसे आले की पुढचंही क्राऊन-पिनियन आणून लावी. सुधारणा हप्त्याहप्त्यानं झाली ती अशी, पिकाच्या हिशेबानं.

यावर एक आक्षेप जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा: मूळ इंजिन काढून टाकलं, सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची केली, म्हणजे वारसाच बुडवला. मला हा आक्षेप उलटा वाटतो. पुण्या-मुंबईत ज्या मूळ रूपातल्या जीपा चकचकीत करून ठेवल्या जातात, त्यांचे कितीतरी भाग याच अशुद्ध गाड्यांच्या साठ्यातून जातात; चालत्या ठेवल्या म्हणून चॅसी वितळवली गेली नाही. शिवाय तुलना हरियाणातल्या मंडी डबवालीशी केली जाते, तिथल्या रुंद टायरच्या, आरशासारख्या जीपा देशभर जातात. तो सजावटीचा उद्योग आहे आणि त्यात गैर काही नाही. पण त्याचं गिऱ्हाईक गाडी दाखवायला घेतं. परभणीच्या मालकानं पैसा पत्र्यावर घातला नाही, किंगपिनवर घातला.

सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळता येत नाही. जड डिझेल इंजिन पुढे टाकलं की पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं आणि हलक्या इंजिनासाठी बेतलेले ड्रम ब्रेक अपुरे पडतात. काळी-पिवळीत जितकी माणसं कोंबली गेली, तितक्यांसाठी ही गाडी कधीच नव्हती. म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि निर्मात्याच्या मूळ रचनेपासून वाहन बदलता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय या दोन्हींना हसण्यात अर्थ नाही. खटकतं ते वेगळं. मालकानं पदरचे पैसे घालून ब्रेक आणि पाटे सुधारले, तर ते तपासून मान्य करणारी सोपी वाट त्याला दिसत नाही. मग तो आरसी बुकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल ठेवून पासिंगच्या दिवसाची धास्ती घेतो. बंदीनं बदल थांबला नाही, तो लपला. आणि लपवलेल्या कामाचा ब्रेक कोणी तपासत नाही.

दरम्यान तिन्ही आधार सुटत चालले आहेत. मुळात जुनी गाडी ठेवणंच महाग झालं: एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीची नोंदणी नव्यानं करायचं केंद्रीय शुल्कच ५००० रुपये केलं गेलं. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेली सरकारी वाहनं मोडीतच काढायची आहेत, म्हणजे पंचायत समितीच्या आवारातला तो लिलाव, जिथून हे सगळं सुरू झालं, तोच बंद. ट्रॅक्टर आहेत, पण त्यांची इंजिनं आता कायद्यानं जीपमध्ये घालता येत नाहीत. आणि २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या महिंद्रच्या नव्या थारला जुन्या घराण्याचं नाक आहे, पाटे नाहीत. तिचं दुखणं पान्यानं नाही, आधी स्कॅनर लावून कळतं. अजून पंधरा-वीस वर्षांनी ती स्वस्तात विकायला निघेल तेव्हा जिंतूरच्या एखाद्या शेतकऱ्याला ती परवडेलही. तिचा कंट्रोल युनिट दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला असेल का, हे मात्र सामान आणि सॉफ्टवेअर निर्माता किती खुलं ठेवतो यावर ठरेल.