ई-मेलचे टपालवाले

एखाद्या संस्थेला स्वतःची ई-मेलची व्यवस्था ठेवावयाची असली म्हणजे पत्रांची ने-आण करणारी आज्ञावली निवडावी लागते. पुष्कळांनीं पसंत केलेली घ्यावी, कीं हवी तशी वळवितां येणारी, हा प्रश्न तेव्हां हटकून उभा राहतो. सेंडमेल या आज्ञावलीच्या इतिहासांत या दोहोंचें नातें स्पष्ट दिसतें.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत एरिक ऑल्मन यांनीं लिहिलेली डिलिव्हरमेल ही आज्ञावली १९७९ सालीं प्रचारांत आली. पत्रांचे मार्ग तिच्या पोटांतच बांधून टाकलेले असत. नवें जाळें जोडावयाचें तर सारी आज्ञावली पुन्हा घडवावी लागे. आणि त्या काळीं जाळीं कां थोडीं होतीं! अर्पानेटवर माणसाचें नांव आधीं व ठिकाण मागून. यूयूसीपीवर वाटेंतला एकेक मुक्काम सांगत सांगत शेवटीं माणसाचें नांव. म्हणून ऑल्मन यांनीं सेंडमेल लिहितांना पत्ते फिरवून लिहिण्याचे नियम एका वेगळ्या फाइलींत ठेवले. ज्यानें त्यानें ते आपल्या सोयीनें बदलावे. १९८३ सालीं ती बर्कलीच्या युनिक्सबरोबर मिळूं लागली आणि सर्वत्र पसरली. लवचिकपणा हीच येथें लोकप्रियतेची जननी होती.

त्या नियमांची भाषा मात्र मोठी विलक्षण. पाणिनीचीं सूत्रें निदान गुरुमुखांतून उलगडतात. येथें भल्याभल्यांची मति गुंग होई. कॉस्टेल्स यांच्या सेंडमेलवरील ग्रंथाचीं पृष्ठें पुढें हजारावर गेलीं, यांत नवल नाहीं.

२ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें जाळ्यांत एक कृमि सोडला. त्याच्या अनेक वाटांपैकीं एक सेंडमेलमधून जात होती. दोष तपासण्यासाठीं ठेवलेल्या एका सोयीमुळें पत्र माणसाऐवजीं थेट एखाद्या आज्ञेच्या हवालीं करतां येई, आणि ती सोय ठिकठिकाणीं उघडीच राहिली होती. टपालवाला सर्वांचा एकच. त्याची चूकही सर्वांच्या घरीं पोंचली.

पुढें पत्त्यांच्या तऱ्हा एक होत गेल्या व त्या अवघड नियमांची गरज ओसरली. १९९५ त केंब्रिज येथें फिलिप हेझल यांनीं एक्झिम आणलें. बर्नस्टाइन यांचें क्यूमेल आणि १९९८ त आयबीएममधून आलेलें वीत्से व्हेनेमा यांचें पोस्टफिक्स या दोहोंनीं काम लहान लहान आज्ञावल्यांत वांटून दिलें. क्यूमेल बदलून वांटण्याची मुभा २००७ पर्यंत नव्हती; सोयींचीं ठिगळें ज्याचीं त्यानें लावावीं. गंमत अशी कीं, तिघांनींही 'सेंडमेल' या नांवाची आज्ञा ठेवली, कारण इतर असंख्य आज्ञावल्या तिलाच हांक मारीत.

साध्या कचेरीनें पोस्टफिक्स घ्यावें, असें माझें मत. जेथें प्रत्येक विभागाचा नियम निराळा, तेथें एक्झिमचा लवचिकपणा खरोखर कामास येतो. परंतु २०१९ सालीं त्याच लवचिकपणांतून भोंक पडलें: पत्त्यांतील मजकूर उलगडतांना त्यांत दडविलेली आज्ञाच चालविली जाई. मॉरिसच्या कृमीला ३१ वर्षें होत आलीं होतीं. हा दोष जूनमध्यें जाहीर झाला. तो नसलेली आवृत्ति फेब्रुवारींतच निघाली होती, पण जुनी चालविणारे अजून पुष्कळ होते.