योशी : वाहनाचा पालक कसा झाला

वाहनावांचून वीर शोभत नाहीं, ही समजूत फार जुनी आहे. विष्णूला गरुड आहे, कार्तिकेयाला मोर आहे, गणपतीला तर उंदीरहि पुरतो. परंतु त्या वाहनाला दुखतें-खुपतें काय, हा प्रश्न कथाकारांनीं क्वचितच विचारला आहे. जपानमधील निन्टेंडो कंपनीच्या 'मारिओ' या व्हिडिओ गेमच्या मालेंत योशी नांवाची एक काल्पनिक, डायनासोरसारखी जात आहे. तिच्या इतिहासांत हा प्रश्न उपस्थित झाला, आणि पांच वर्षांच्या आंत त्याचें उत्तरहि मिळालें. तें उत्तर उपदेशाच्या रूपानें आलेलें नाहीं. तें खेळाच्या नियमांतच गुंफलेलें आहे.

मारिओ हा मिशीवाला, टोपीवाला, ठेंगणा नळकारागीर. १९८५ सालीं 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ प्रसिद्ध झाला तेव्हां तो पायींच धांवत असे. त्याचे जनक शिगेरु मियामोतो यांच्या मनांत मात्र त्याला एखाद्या प्राण्यावर बसवावें असें त्याच सुमारास आलें होतें. तें साधलें नाहीं याचें कारण यंत्राच्या मर्यादेंत होतें. १९८३ सालीं बाजारांत आलेलें 'फॅमिकॉम' हें यंत्र हलतीं चित्रें आठ ठिपके रुंदीच्या तुकड्यांनीं जुळवी, आणि पडद्याच्या एका आडव्या ओळींत असे आठच तुकडे दाखवूं शके. नववा तुकडा दिसतच नसे. एकटा मारिओच दोन तुकडे अडवी. त्याच्या जोडीला शेंपटीसह वाहन आणलें, तर समोरून येणाऱ्या शत्रूंना जागा कोठून उरणार ? ती कल्पना तशीच राहिली.

२१ नोव्हेंबर १९९० रोजीं जपानांत 'सुपर फॅमिकॉम' हें अधिक समर्थ यंत्र निघालें. त्याच्या एका ओळींत बत्तीस तुकडे मावत. त्याच दिवशीं प्रसिद्ध झालेल्या 'सुपर मारिओ वर्ल्ड' या खेळांत योशी प्रथम अवतरला. खेळाचे दिग्दर्शक ताकाशी तेझुका होते, आणि योशीला त्याचें परिचित रूप दिलें तें चित्रकार शिगेफुमी हिनो यांनीं : हिरवें अंग, पांढरें पोट, मोठें वाटोळें नाक आणि लांब चिकट जीभ. पाठीवर जें तांबडें खोगीर दिसतें, त्याचा उगम कासवाच्या कवचाच्या कल्पनेंत आहे. तेव्हां योशीला डायनासोर म्हणण्याची रूढी पडली असली, तरी त्याचें नातें कासवांशींहि पोंचतें. आणखी एक मौज अशी कीं, 'योशी' हें एकाचें नांव आहे तसेंच सबंध जातीचेंहि आहे. हिरव्याखेरीज तांबडे, पिवळे व निळे योशीहि याच खेळांत भेटतात.

या पहिल्या खेळांत योशीचें स्थान निव्वळ वाहनाचें होतें. मारिओ त्याच्या पाठीवर बसतो, योशी जिभेनें शत्रू ओढून गिळतो. ही जीभ बाहेर कशी पडते ? मूळच्या कल्पनेप्रमाणें मारिओ त्याच्या डोक्यावर ठोसा मारतो आणि त्यासरशी ती बाहेर येते, असें हिनो यांनीं पुढें सांगितलें. स्वार असतां आघात झाला, तर मारिओ सुखरूप खालीं उतरतो आणि बिचारा योशी घाबरून सैरावैरा पळत सुटतो. किल्ल्याच्या दारांत त्याला बाहेरच सोडून जावें लागतें. मोठी दरी आडवी आली, तर चतुर खेळाडू हवेंतच योशीच्या पाठीवरून उडी घेऊन पलीकडे जातात आणि योशी खालीं नाहींसा होतो. मुलें हें हंसत हंसत करीत. पण आपण मित्राला टाकून आलों ही चुटपुटहि पुष्कळांच्या मनाला लागून राही. ज्या प्राण्याला चेहरा दिला, आवाज दिला, त्याला पायरी म्हणून वापरतांना मन थोडें कचरतेंच.

५ ऑगस्ट १९९५ रोजीं जपानांत प्रसिद्ध झालेल्या 'योशीज आयलंड' या खेळानें हें नातें पार बदलून टाकलें. कथा मारिओच्या तान्हेपणाची आहे. एक करकोचा जुळ्या भावांना त्यांच्या आईबापांकडे नेत असतां कामेक नांवाचा मांत्रिक वाटेंत झडप घालतो. एक बाळ त्याच्या हातीं लागतें. दुसरें निसटून योशींच्या बेटावर एका योशीच्या नेमकें पाठीवर पडतें. योशींची सभा भरते आणि ठरतें कीं, आळीपाळीनें वाहून नेऊन या बाळाला भावाची भेट घडवावयाची. प्रत्येक टप्प्याच्या शेवटीं एक योशी तें बाळ दुसऱ्या रंगाच्या योशीच्या पाठीवर देतो. वीर येथें असहाय आहे, आणि वाहन हाच नायक झाला आहे.

खरा बदल नियमांत आहे. योशीला शत्रूचा धक्का बसला कीं तो तेथेंच मरत नाहीं; बाळ मात्र त्याच्या पाठीवरून सुटून एका बुडबुड्यांत तरंगूं लागतें आणि रडूं लागतें. पडद्यावर आंकडे उतरूं लागतात. ते शून्यावर येण्यापूर्वीं बाळाला गांठलें नाहीं, तर कामेकचे हस्तक त्याला उचलून नेतात. तें रडणें कर्कश आहे अशी तक्रार आजवर अनेकांनीं केली आहे. पण कर्कशपणांतच त्याचें सामर्थ्य आहे. कोणत्या घरांतलें रडणारें मूल मंजुळ रडतें? खेळाडूला आपल्या जिवाचें भय दाखविण्याऐवजीं दुसऱ्याच्या जिवाची काळजी लावणें, हें या खेळाचें वेगळेपण होय.

बाह्य रूपहि या भावाला साजेसें होतें. आदल्या वर्षीं, १९९४ सालीं, इंग्लंडच्या रेअर या संस्थेनें केलेल्या 'डाँकी काँग कंट्री'ची घडीव, चकचकीत चित्रें पाहून बाजार थक्क झाला होता. 'योशीज आयलंड'च्या कर्त्यांनीं ती वाट धरली नाहीं. त्यांचे डोंगर, फुलें आणि ढग रंगीत खडूनें एखाद्या मुलानें काढल्यासारखे दिसतात. त्यांतल्या कित्येक करामतींसाठीं मात्र खेळाच्या डबींतच 'सुपर एफएक्स २' ही खास चकती बसवावी लागली होती. साधेपणामागें एवढी यंत्रविद्या राबत होती.

पुढें ही घरगुती वृत्ति योशीच्या खेळांची ओळखच ठरली. १९९७ च्या 'योशीज स्टोरी'मध्यें जग उघडझांपीच्या चित्रपुस्तकाप्रमाणें उलगडतें. २०१५ च्या 'योशीज वूली वर्ल्ड'मध्यें योशी लोंकरीचा विणलेला आहे. २०१९ च्या 'योशीज क्राफ्टेड वर्ल्ड'मध्यें सारी सृष्टि पुठ्ठ्याची व कागदाची आहे. लोंकरीच्या खेळांत लहानग्यांसाठीं पंख दिलेला सोपा प्रकारहि आहे. ज्याचा हात अजून बसला नाहीं, त्यालाहि शेवटपर्यंत जातां यावें, हा त्याचा हेतु.

मुलें खेळतात त्या खेळांकडे वडीलधारीं माणसें बहुधा वेळेच्या हिशेबानें पाहतात. हिशेब योग्यच आहे. पण खेळ मुलाला कोणाच्या जागीं उभें करतो, हेंहि पाहावयास हवें. योशीच्या पहिल्या खेळांत मूल स्वार होतें. दुसऱ्यांत त्याच्या पाठीवर दुसऱ्याचें मूल आहे, आणि तें रडूं लागलें कीं हातांतलें सर्व सोडून त्याच्याकडे धांवावें लागतें.