रोह्याचे सी. डी. आणि दुसऱ्या पसंतीची मतं

हमरापूर म्हटलं की लोकांना गणपतीचे कारखाने आठवतात. मला मात्र तिथून पुढे पेण, नागोठणे करत रोह्याला जाणारी गाडी आठवते. मागच्या महिन्यात याच गाडीत शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "चाचा, आपल्या रायगडातलं कोणी राष्ट्रपतीपदाला उभं राहिलं होतं का कधी?" मी म्हटलं, "राहिलं होतं. आणि तसली निवडणूक पुन्हा झाली नाही." हमरापूर ते रोहा एवढ्या वेळात सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसैन गेले. देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती, आणि पदावर असताना वारलेलेही पहिलेच राष्ट्रपती. त्यांची कबर जामिया मिल्लियाच्या आवारात आहे. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कारभार हाती घेतला, पण त्यांना स्वतःच निवडणूक लढवायची होती. २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही. असा प्रसंग आला तर काय, याचा कायदा संसदेने मे महिन्यातच केला होता. त्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. हे नाव आपल्याला परकं नाही. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते शिकले, नागपुरातच वकिली केली आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. ३५ दिवस ते काळजीवाहू राष्ट्रपती होते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले ते याच काळात, आणि १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सही झाली तीही हिदायतुल्लांचीच.

काँग्रेसने अधिकृत उमेदवारी नीलम संजीव रेड्डींना दिली. पंतप्रधान इंदिरा गांधींना ती मान्य नव्हती. त्यांनी खासदार-आमदारांना सांगितलं, सदसद्विवेकाला स्मरून मत द्या. याचा अर्थ सगळ्यांना कळला : गिरींना द्या. म्हणजे एकाच पक्षाची मतं दोघांत वाटली जाणार होती.

तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाड तालुक्यातल्या नाते गावचा, घर रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ ला कुलाब्यातून निवडून आलेले खासदार, देशाचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांच्या लायकीबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण १९६९ मध्ये त्यांच्या पाठीशी उभे होते जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष.

या निवडणुकीत मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असा पसंतीक्रम लिहायचा असतो. प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक मूल्य असतं. १६ ऑगस्टला मतदान झालं, २० ला मोजणी. वैध मतांचं एकूण मूल्य होतं ८,३६,३३७, म्हणजे जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. एकूण उमेदवार पंधरा. त्यांत पुण्याचे दलित नेते पां. ना. राजभोजही होते, त्यांना ८३१. पाच जणांना शून्य.

पहिल्या फेरीत कोणीच जिंकलं नाही. भारताच्या राष्ट्रपतीपदासाठी असं तेव्हाच एकदा झालं आहे. मग खालून एकेक उमेदवार बाद होत गेला आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती पाहिली गेली. ही मतं होती १,२१,२७४, त्यातली बहुतेक देशमुखांची. रेड्डींना त्यातून ९१,८७९ मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. गिरींना कमी पडत होती १६,६५४. ती त्यांना रेड्डींच्या नव्हे, हरलेल्या उमेदवारांच्या मतदारांनी दिली.

आता अमेरिकेकडे वळू. १८२४ साली तिथेही एकाच पक्षाचे चार उमेदवार उभे राहिले. अँड्र्यू जॅक्सनना ९९ मतं, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सना ८४, क्रॉफर्डना ४१, हेन्री क्लेना ३७. लागत होती १३१. मग घटनेप्रमाणे निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, पहिल्या तिघांतून. चौथे क्ले तर त्या गृहाचेच सभापती! त्यांनी अ‍ॅडम्सना पाठिंबा दिला, २४ पैकी १३ राज्यं अ‍ॅडम्सकडे गेली. नंतर अ‍ॅडम्सनी क्लेंना परराष्ट्रमंत्री केलं. सौदा झाला, अशी ओरड जॅक्सनच्या लोकांनी चार वर्षं केली आणि १८२८ ला ते जिंकले. तो पक्ष फुटला. इकडे काँग्रेसही १९६९ च्या नोव्हेंबरात फुटली.

दोन्हीकडे तिसऱ्या-चौथ्याच्या मतांनी निकाल ठरला. फरक एवढाच की वॉशिंग्टनमध्ये ती मतं एका नेत्याने फिरवली, दिल्लीत ज्याने पहिली पसंती लिहिली त्यानेच दुसरी लिहिली. म्हणून गिरींच्या निवडीवर खटला झाला, खुद्द राष्ट्रपती साक्षीला गेले, पण मोजणीच्या पद्धतीवर सौद्याचा डाग लागला नाही.

मी मुसलमान म्हणून या आकड्यांकडे पाहतो तेव्हा एक गोष्ट मनात येते. आपल्याला दर निवडणुकीत एकच प्रश्न विचारला जातो : कोणाला पाडायचं? सी. डीं.सारखा माणूस समोर असेल आणि त्याच्यामागे ज्यांच्यावर आपला भरवसा नाही असे लोक असतील, तर एक बटण दाबून आपण काय सांगणार? माणूस आवडतो हेही सांगायचं असतं, आणि तो नसेल तर कोण चालेल हेही. दुसऱ्या रकान्यात ते सांगता येतं.

विधानसभेची पद्धत आपल्या हातात नाही. पण आपल्या गावच्या जमातीची निवडणूक आहे. तीन गट उभे राहतात, एक तृतीयांश मतांत अध्यक्ष होतो आणि उरलेले दोन तृतीयांश लोक तीन वर्षं रुसून मागच्या सफमध्ये उभे राहतात. हे मी पाहिलं आहे. पुढच्या वेळी चिठ्ठीवर एकाऐवजी दोन नावं क्रमाने लिहायला सांगा. मोजायला अर्धा तास जास्त लागेल. जो निवडून येईल, त्याला निम्म्याहून जास्त लोकांनी निदान चालेल असं म्हटलेलं असेल. नमाजनंतर एकमेकांशी मुसाफा करायला तेवढं पुरतं.