काळी गाय, तांबडी गाय आणि ए-टू

तर मंडळी, या विकांताचा विषय आहे दूध! झालंय असं की अंबडला आमच्या वहिनीला सहावा महिना लागलाय आणि घरात तट पडलेत. आजीचं म्हणणं, तिला काळ्या गाईचंच दूध द्या. दादाने संभाजीनगरहून 'ए-टू' दुधाच्या बाटल्या मागवायचं ठरवलंय, भाव नेहमीच्या पिशवीच्या दुप्पट. काकूंचा आग्रह केशराचा, म्हणजे बाळ गोरं होईल. वहिनीला मात्र कुणी काही विचारलेलं नाही. तिचं म्हणणं एवढंच की साय नको, गाळून द्या :)

आपण पडलो प्रोग्रामर. एखादी गोष्ट अशी का आहे हे कळेना की तिच्या जुन्या आवृत्त्या उघडून बघायच्या, ही जुनी खोड. म्हणून दोन-तीन रात्री यात घालवल्या.

आजीचं म्हणणं हवेतलं नाही हो! सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त गाईच्या रंगानुसार दुधाचे गुण दिलेत. काळ्या गाईचं दूध वात घालवणारं आणि गुणांनी सरस. पिवळ्या गाईचं पित्त आणि वात दोन्ही घालवणारं. पांढरीचं जड आणि कफ वाढवणारं. तांबडी आणि चित्रविचित्र रंगाची, या दोघींचं वात घालवणारं. आता आपल्या मराठवाड्याच्या प्रसिद्ध गाई दोन : कंधारकडची लाल कंधारी आणि उदगीर-देवणीकडची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी. म्हणजे दोघीही शेवटच्या खात्यात! शिवाय गाय रानात चरते, पाणथळ जागी की डोंगरावर, यावरही तिथे दुधाचं जडपण ठरवलंय.

पण गंमत पुढे आहे. गरोदर बाईने काय खावं-प्यावं हे महिनावार सांगणारा मजकूर याहून कितीतरी जुना, चरकसंहितेतल्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातला. पहिल्या महिन्यात साधं गार दूध, दुसऱ्यात मधुर औषधं घालून सिद्ध केलेलं, तिसऱ्यात मध-तूप घालून, चौथ्यात दुधाबरोबर एक अक्ष (साधारण तोळाभर) लोणी, पाचव्यात दूध-तूप... असं करत आठव्यात दुधातली पेज, वर तूप. या सगळ्या यादीत गाय कुठल्या रंगाची, याचा उल्लेख नाही.

आणि आठव्या महिन्याच्या पेजेवर तिथे चक्क वाद झालाय. भद्रकाप्य म्हणतो, ही पेज देऊ नका, बाळाला पिंगटपणा येईल. त्यावर पुनर्वसु आत्रेय सांगतात की येईना का, म्हणून पेज बंद करायची नाही. ती घेणारी बाई स्वतः निरोगी राहते आणि तिचं मूलही निरोगी, धडधाकट निपजतं. मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. केशराच्या डब्या विकणाऱ्यांना इतकं जुनं उत्तर तयार आहे.

आता पोथ्या बाजूला ठेवू. पोथीत दूध आहे म्हणून ते बाईच्या पेल्यात येतंच असं नाही. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात चारा संपला, लोकांनी जनावरं मिळेल त्या भावाला विकली. तेव्हा काका आजीच्या पोटात होते आणि ती रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिथे सुकडी मिळायची. घरी चहा असला तर कोरा. कोणत्या गाईचं दूध प्यायचीस, असं मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "गाय होतीच कुठं रे बाबा?" काळ्या गाईचा आग्रह धरणारी हीच बाई. तिच्या आग्रहाचं कारण मला भावप्रकाशापेक्षा इथे जास्त सापडलं.

पुढे गाई बदलल्या. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला 'बायफ' सुरू केली, जर्सी आणि होल्स्टीनचे संकर गावोगाव पोचले, १९७० पासून दुधाचा महापूर आला. दूध वाढलं खरं. पण डेअरीला घातलेल्या दुधाचे पैसे होतात आणि सुनेने प्यायलेल्या दुधाचे होत नाहीत, त्यामुळे घरात किती उरायचं हा प्रश्न राहिलाच.

आता ए-टू. दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत ६७व्या जागी प्रोलीन असेल तर ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. बस्स, एका अमिनो आम्लाचा फरक! यावर न्यूझीलंडमध्ये २००० साली कंपनी निघाली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली सगळे पुरावे तपासले, तेव्हा ए-वन दुधाचा रोगांशी कार्यकारण संबंध काही सिद्ध झाला नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने २१ ऑगस्ट २०२४ला असे दावे वेष्टनावरून काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागेही घेतला. असो. देशी गाई बहुतांश ए-टूच असतात आणि म्हशीचं दूधही ए-टूच. तेव्हा दादा, शेजारच्या गोठ्यातली म्हैस तेच देते, निम्म्या भावात!

खरा धोका मात्र निरशा दुधात आहे. भावप्रकाशाने गाईच्या धारोष्ण दुधाची स्तुती केलीय, पण त्या काळी जंतू कुणाला माहीत होते? गाईंचे गर्भ पाडणारा ब्रुसेला जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँगने १८९७ साली शोधला. तो निरशा दुधातून माणसातही येतो. लिस्टेरियाही तसाच, आणि गरोदरपणात दोन्ही गर्भाला घातक ठरू शकतात. दूध उकळलं की दोन्ही मरतात. गाय काळी असो की जर्सी.

आणि किती प्यावं याबद्दल? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ दरम्यान जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आहार नोंदवला. २००१ साली निष्कर्ष छापले : १८व्या आठवड्यात दूध जास्त वेळा घेणाऱ्या आणि २८व्या आठवड्यात पालेभाज्या-फळं जास्त वेळा खाणाऱ्या बायांची बाळं आकाराने मोठी होती. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे मान्य. पण त्या गावांतल्या बाया खाऊन-पिऊन सुखी नव्हत्या, बऱ्याचशा शेतात राबणाऱ्या होत्या. त्यांच्यात फरक दिसला तो दूध, भाजी, फळं ताटात किती वेळा आली याचा.