जमात आणि तिची विशेषणं

संभाजीनगरच्या जुन्या शहरात 'जमात' म्हटलं की आधी मशीद आठवते, नाहीतर शाळा. नमाज जमातीनं पढली जाते, आणि पोर कितवीत आहे हे विचारायचं तर 'कौनसी जमात में है?' मूळ अरबी ज-म-अ, म्हणजे गोळा होणं. आपले जमाखर्च, जमाव, जमाबंदी याच घरचे. 'जात' संस्कृत 'जन्'वरून आली. ती जन्मानं चिकटते, जमात मात्र जमते. मराठीनं हा फरक केव्हाच मोडीत काढला. दाखल्यावरची जमातही जन्मानंच मिळते.

हिंदीनं 'जनजाति' घडवला, आपण जमातीलाच विशेषणं लावत राहिलो. १८७१च्या कायद्यानं काही जमाती 'गुन्हेगार' ठरवल्या; १९५२ साली तो रद्द झाला आणि त्या 'विमुक्त' झाल्या. काही 'भटक्या' राहिल्या. विधानसभेत राखीव जागा मिळतात त्या मात्र 'अनुसूचित' या एकाच विशेषणाला. ते राष्ट्रपतींच्या आदेशानं लागतं, आणि कलम ३४२नुसार त्या यादीत फेरफार करायचा तर तो फक्त संसदेनं. जयपालसिंग मुंडांनी संविधान सभेत 'आदिवासी' या शब्दासाठी आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही. आपल्याकडे खात्याचं नाव 'आदिवासी विकास', दाखल्यावर 'अनुसूचित जमात'. सरकारी मराठीला असे दोन संसार जमतात.

कन्नड-सोयगावकडच्या तांड्यांवर या विशेषणाची किंमत नीट कळते. 'लमाण' हा शब्द लवणावरून, 'बंजारा' वाणिज्यावरून आला असं बहुतेक मानतात. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून नेणाऱ्यांना दुसऱ्यांनी दिलेली ही नावं. ते स्वतःला 'गोर' म्हणवतात. मराठवाडा आणि तेलंगणा १९५६पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे १९७६च्या दुरुस्ती कायद्यानं तेलंगणातले लंबाडा अनुसूचित जमातीत गेले, इकडचे बंजारा 'विमुक्त जाती-अ'मध्येच राहिले. गोत्रं तीच, सोयरीकही होते, रकाना वेगळा. सप्टेंबर २०२५मध्ये हैदराबाद गॅझेटियरचा दाखला देत मराठवाड्यात मोर्चे निघाले ते याच एका विशेषणासाठी. यादीतल्या आदिवासी संघटनांचा त्याला विरोध आहे, आणि त्यांची भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही: वाटेकरी वाढले की वाटा कमी होतो.

धनगरांचं भांडण तर एका अक्षराचं. यादीत 'ओरांव, धनगड' आहे. तो 'ड' म्हणजे आमचाच 'र', हा दावा उच्च न्यायालयानं २०२४मध्ये फेटाळला. यादी छापली तशीच वाचायची, असं सर्वोच्च न्यायालयानं हलबा-कोष्टी प्रकरणात २००० सालीच सांगितलं होतं.

अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लांना ही अडचण नाही. त्यांचं नाव द्राविडी 'बिल्' म्हणजे धनुष्यावरून आलं असं मानतात, आणि यादीत ते आहेच. पण राज्यातल्या २५ राखीव जागांपैकी मराठवाड्याच्या ४६ मतदारसंघांत एकही नाही. लोकसंख्या विखुरलेली, म्हणून दाखला हातात आणि आमदार नंदुरबारचा.