मामा तलाव, लिनक्स आणि राखणदार

भंडारा जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांना आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पण मालक बदलला म्हणून गाळ निघत नाही. लिनक्सचा इतिहास मी याच नजरेने वाचतो.

रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमकडे गेली, तेव्हा चर्चा मालकाचीच झाली. २०२४ मध्ये घाव बसला तो दुसरीकडे. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे साधन लासे कॉलिन जवळजवळ एकटेच सांभाळत. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षे मदत करून त्यांचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. पॅकेजवरची सही खरीच होती! लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, हे मायक्रोसॉफ्टमधील आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकले, म्हणून डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

सही हात ओळखते, हेतू नाही. म्हणून मालक कोण, याआधी विचारावे: राखणदार किती, आणि त्यांना सोबत कुणाची?